लेट फी घ्या, पण हिशेब आणि पोच द्या : खानदेशात क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव, धुळे व नंदुरबार (अध्यक्ष, जिल्हास्तरीय सल्लागार समिती),
जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक,
क्रेडिट कार्ड देणाऱ्या सर्व बँकांचे विभागीय आणि शाखा अधिकारी.

विषय : कार्डाच्या बिलातील व्याज व लेट फीचा हिशेब न मिळणे आणि शाखेत लेखी तक्रार न घेणे.

महोदय,

क्रेडिट कार्ड आता जळगावचा सराफ बाजार आणि भुसावळची रेल्वे वसाहत यांच्यापुरते राहिलेले नाही. चोपड्याच्या शिक्षकाकडे ते आहे, शहाद्याच्या कृषी सेवा केंद्रवाल्याकडे आहे, नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याकडे आहे. यातली बरीच कार्डे तुमच्या शाखेतच, पगार खाते किंवा चालू खाते उघडताना फॉर्मवर सही घेऊन दिली गेली. बिलात चूक निघाली आणि तोच माणूस तीच शाखा गाठतो, तेव्हा मात्र त्याला सांगतात, “कार्डाचे काम आमच्याकडे नाही, कस्टमर केअरला फोन करा.” आमची मुख्य तक्रार इथे आहे. लेट फी किती असावी, व्याज किती असावे यावर आमची मते आहेत, पण आज मागणी त्याहून साधी आहे. आकारलेल्या प्रत्येक रुपयाचा तारखेनिहाय हिशेब द्या आणि दिलेल्या तक्रारीची पोच द्या.

व्याजाचा दर कमी करा अशी मागणी आम्ही का करत नाही, हेही सांगतो. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. त्यामुळे महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के असा दर आज बेकायदा नाही. पण दराला मर्यादा उरली नाही म्हटल्यावर तो दर कशावर, कोणत्या दिवसापासून लावला हे सांगण्याची जबाबदारी आणखी वाढते. सध्याची बिले नेमकी तिथेच गप्प आहेत.

एक उदाहरण पाहा. कार्डाचे बिल दर महिन्याच्या १० तारखेला बनते आणि ड्यू डेट (बिल भरण्याची शेवटची तारीख) ३० आहे. ग्राहकाने १५ फेब्रुवारीला २०,००० रुपयांचा फ्रीज घेतला. १० मार्चच्या बिलात टोटल ड्यू (एकूण देणे) २०,००० आणि मिनिमम ड्यू (निदान एवढी तरी भरायची रक्कम) १,००० दिसले. त्याने ३० मार्चला १९,००० भरले. हजार रुपये राहिले, पुढच्या महिन्यात भरू, असे त्याला वाटले. दर वर्षाला ४२ टक्के धरला तर पुढच्या बिलात काय येते? पूर्ण २०,००० रुपयांवर १५ फेब्रुवारी ते ३० मार्च अशा ४३ दिवसांचे व्याज सुमारे ९९० रुपये. उरलेल्या हजारावर ३० मार्च ते १० एप्रिल अशा ११ दिवसांचे सुमारे १३ रुपये. या व्याजावर १८ टक्के जीएसटी, सुमारे १८० रुपये. म्हणजे हजाराच्या बाकीवर आकार पडला सुमारे १,१८२ रुपये. शिवाय मागची बाकी राहिल्याने नव्या खरेदीवरचा बिनव्याजी काळही गेला. त्याने १२ मार्चला ८,००० रुपयांचे बियाणे घेतले असेल तर त्यावर १० एप्रिलपर्यंतच्या २९ दिवसांचे आणखी २६७ रुपये व्याज आणि ४८ रुपये कर.

नियमाने हे चुकीचे आहे असे आमचे म्हणणे नाही. पण बिलात या सगळ्याची एकच ओळ येते, ‘फायनान्स चार्जेस’, आणि पुढे एक आकडा. कोणत्या रकमेवर, कोणत्या तारखेपासून, किती दिवस, यातले काही नाही. हजार रुपये थकवलेल्या माणसाला हजाराहून जास्त व्याज दिसले की तो चूक समजून भांडतो. कॉल सेंटरवरचा मुलगा “सिस्टीमने काढले आहे” एवढेच सांगतो आणि भांडण तिथेच कुजते. वरच्यासारख्या चार ओळींचा तक्ता बिलाच्या मागे छापला तर निम्म्या तक्रारी उभ्याच राहणार नाहीत, आणि ज्या राहतील त्या खऱ्या चुकांच्या असतील.

मिनिमम ड्यूबद्दल बोलणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त माणसे तिथे अडकतात. २०,००० च्या बाकीवर महिन्याचे व्याज ७०० आणि त्यावर जीएसटी १२६, मिळून ८२६ होतात. मिनिमम ड्यू पाच टक्के, म्हणजे १,००० भरले तर मुद्दल उतरते फक्त १७४ रुपयांनी. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड अनेक महिने आणि वर्षे लांबते, असा इशारा बिलावर देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. तो इशारा बारीक इंग्रजी अक्षरांत येतो. कार्डाच्या अटी इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात, असे रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांतच सुचवले आहे. यावल-रावेरच्या केळीवाल्याला मराठीत बिल मिळणे ही मेहेरबानी नव्हे.

ऑटो-पेचा, म्हणजे खात्यातून बिल आपोआप कापले जाण्याचा, घोळही याच घरातला. बरेचदा फॉर्म भरतानाच ऑटो-पे ‘मिनिमम ड्यू’ वर टिक करून दिलेला असतो. खात्यातून दर महिन्याला पैसे कापले जातात म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि व्याज सुरूच असते. शाखेत फॉर्म घेणाऱ्याने ‘टोटल’ की ‘मिनिमम’ हे तोंडी विचारून ग्राहकाच्या हाताने टिक करून घ्यावी, इतकी साधी गोष्ट आहे. ऑटो-पेच्या दिवशी खात्यात पैसे नसले तर एकाच चुकीची तीन शुल्के पडतात : ज्या बँकेत खाते तिचे परतावा शुल्क (पैसे न वटल्याचा दंड), कार्ड देणाऱ्या बँकेचे परतावा शुल्क आणि वर लेट फी.

आता लेट फी. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्ड निर्देश याबाबत स्पष्ट आहेत. ड्यू डेटनंतर तीन दिवसांहून जास्त थकल्याशिवाय लेट फी लावता येत नाही आणि सिबिलसारख्या, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना थकबाकी कळवता येत नाही. तीन दिवस मोजायचे ते बिलावर छापलेल्या ड्यू डेटपासून. ड्यू डेट ३० मार्च असेल तर २ एप्रिलला भरलेल्या पैशांवर लेट फी बसत नाही. कार्डधारकांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी की ही सूट लेट फीची आहे, व्याजाची नाही. व्याजाचे चाक ड्यू डेट उलटताच फिरू शकते.

चूक होते ती तारखेत. ग्राहक यूपीआय अॅपवरून १ एप्रिलला बिल भरतो, अॅप ‘प्रक्रियेत’ दाखवते, कार्ड खात्यावर रक्कम ३ किंवा ४ तारखेला जमा दिसते आणि सिस्टीम लेट फी लावून मोकळी होते. अशा वेळी भरणा झाल्याची तारीख दाखवणारी पावती ग्राहकाकडे असते. १ जुलै २०२४ पासून अशी बिले भारत बिल पेमेंट प्रणालीतून जातात, त्यामुळे प्रत्येक भरण्याला एक व्यवहार क्रमांक असतो. तो क्रमांक असलेली पावती पाहून लेट फी उलटवण्याचा अधिकार शाखाधिकाऱ्याला असावा, निदान तशी शिफारस करून कार्ड विभागाला पाठवण्याचा तरी असावा. धनादेशाने भरणाऱ्यांचे हाल वेगळे. पेटीत टाकलेला धनादेश कधी उचलला याचा पुरावा नसतो. काउंटरवर दिलेल्या धनादेशाची पोच नाकारता येत नाही, हे बँकांना माहीत आहे. तरीही “पेटीत टाका” हेच उत्तर मिळते.

दुसरी चूक बारीक आहे आणि ईएमआय असलेल्या कार्डांवर होते. निर्देश सांगतात की लेट फी ड्यू डेटनंतर उरलेल्या रकमेवर लावायची, मूळ टोटल ड्यूवर नाही. बहुतेक दरपत्रकांत लेट फी थकबाकीच्या टप्प्यांनी वाढते. समजा टोटल ड्यू १२,००० आहे आणि त्यात मोठा हप्ता असल्याने मिनिमम ड्यू ११,००० आहे. ग्राहकाने वेळेत १०,००० भरले. मिनिमम पूर्ण झाले नाही, म्हणून लेट फी लागेल हे मान्य. पण ती २,००० रुपयांच्या टप्प्याची लागली पाहिजे, १२,००० च्या नव्हे. दोन टप्प्यांत शेकडो रुपयांचा फरक असतो. बिलावर कोणता टप्पा धरला ते छापलेले नसते, त्यामुळे ग्राहकाला हा फरक दिसतच नाही. दरपत्रक डाव्या हातात आणि बिल उजव्या हातात धरूनच तो सापडतो.

तिसरी चूक पुढच्या महिन्यात निघते. न भरलेली लेट फी, वार्षिक शुल्क आणि कर यांची रक्कम मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायला या निर्देशांनी मनाई केली आहे. १,३०० रुपये लेट फी आणि २३४ रुपये जीएसटी असे १,५३४ रुपये थकले, तर ते वसूल करा. पण त्या १,५३४ वर महिना साडेतीन टक्के लावायचे नाहीत. हे पाळले गेले की नाही, हे व्याजाचा तक्ता मिळाल्याशिवाय कोणीही तपासू शकत नाही. पुन्हा गाडी हिशेबावरच येते.

ड्यू डेट बदलण्याबद्दल शाखांनी आपणहून सांगायला हवे. बिलचक्राची तारीख किमान एकदा बदलून घेण्याचा हक्क कार्डधारकाला आहे. खानदेशात याला फार महत्त्व आहे. पगार १ तारखेला न पडता आठवडाभर मागेपुढे होणारे नोकरदार इथे खूप आहेत. ड्यू डेट ३ तारखेला असलेल्या शिक्षकाची लेट फी हा त्याचा बेजबाबदारपणा नसतो, कॅलेंडरचा मेळ बसलेला नसतो. कपाशी विकून पैसे दिवाळीच्या पुढेमागे हाती येणाऱ्या शेतकऱ्याला तर महिन्याच्या चक्राचे कार्ड विकण्यापूर्वी त्याची उधारी कशी फिरते हे विचारले पाहिजे. त्याला किसान क्रेडिट कार्ड आणि हे कार्ड यांतला फरक कोणी सांगत नाही. दोन्हींच्या नावात क्रेडिट कार्ड आहे, व्याजात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर.

‘नो कॉस्ट ईएमआय’ वरही दोन शब्द. त्यात व्याज असते, विक्रेता तेवढी सूट आधी देतो म्हणून ते दिसत नाही. पण त्या व्याजावरचा जीएसटी दर हप्त्याला ग्राहकाच्या खिशातून जातो आणि वर प्रक्रिया शुल्क लागते. मुद्दल, व्याज आणि सूट वेगवेगळी दाखवावी, व्याज लपवून ‘शून्य व्याज’ म्हणू नये, हे निर्देशांत लिहिलेले आहे. वस्तू परत केल्यावर दुकानाचा परतावा कार्डावर जमा होतो, ईएमआय मात्र बंद होत नाही, ही नेहमीची तक्रार आहे. दोन्ही नोंदी वेगळ्या खात्यांत फिरत राहतात आणि त्या जुळवून देणारा कोणी नसतो.

न मागितलेले विमे आणि ‘कार्ड प्रोटेक्शन’ योजना फोनवरच्या “हो” वर माथी मारणे बंद करा. न मागता दिलेल्या कार्डावर आकारलेली रक्कम उलटवून तिच्या दुप्पट दंड देण्याची तरतूद आहे. ३० दिवसांत चालू न केलेल्या कार्डासाठी ओटीपीने संमती घ्यावी लागते. ती नाही मिळाली तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड विनाखर्च बंद करावे लागते. बाकी काही नसताना ग्राहकाने कार्ड बंद करायला सांगितले तरी तेवढेच दिवस. नंतरच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यायचा आहे. हा दंड आपणहून जमा होत नाही. तो मागायला बंद करण्याच्या अर्जाची तारीख सिद्ध करावी लागते आणि ती पोचपावतीशिवाय होत नाही.

पोचेवर आमचा एवढा जोर का, ते आता सांगतो. चुकीच्या बिलाची तक्रार आल्यावर कार्ड देणाऱ्याने जास्तीत जास्त ३० दिवसांत स्पष्टीकरण आणि लागल्यास कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी सीएमएस हे ऑनलाइन तक्रार पोर्टल आहे, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचे दाखवता आले नाही, तर लोकपाल ती ऐकतच नाही. फोनवर तक्रार करणाऱ्याकडे बहुतेक वेळा क्रमांकही नसतो, लाइन तुटली की तक्रारही तुटली. म्हणजे शाखेने कागद घ्यायला नकार दिला की ग्राहकाचा पुढचा सगळा रस्ता बंद होतो. ‘कार्ड कंपनी वेगळी आहे’ हे कारण आम्हाला माहीत आहे, काही ठिकाणी ते खरेही आहे. पण फॉर्म शाखेने भरून घेतला असेल, तर तक्रारीचा कागदही शाखेने घ्यावा आणि शिक्का मारून पुढे पाठवावा.

शाखेतून परत पाठवण्याचा आणखी एक परिणाम दिसतो, आणि तो जास्त भयंकर आहे. “कस्टमर केअरला फोन करा” म्हटल्यावर माणूस मोबाइलवर क्रमांक शोधतो. वर येणाऱ्या क्रमांकांत भामट्यांचे क्रमांक असतात. लेट फी परत देतो म्हणून ते अॅप डाउनलोड करायला लावतात, ओटीपी घेतात आणि कार्डाची उरलेली मर्यादा साफ करतात. आठशे रुपयांची तक्रार घेऊन आलेला माणूस साठ हजारांच्या फसवणुकीत अडकतो. असे झाल्यास लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे आणि बँकेलाही लेखी कळवावे, कारण ग्राहकाची जबाबदारी किती हे ठरवताना कळवायला लागलेले दिवस मोजले जातात. फसवणूक म्हणून वाद घातलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत शुल्क लावता येत नाही, हेही शाखेतल्या कर्मचाऱ्याला माहीत असले पाहिजे. बँकेचा खरा क्रमांक कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो. तोच क्रमांक मोठ्या मराठी अक्षरांत शाखेच्या दारावर लावायला खर्च किती येतो?

वसुलीबद्दल थोडेच लिहितो, कारण नियम सर्वांना पाठ आहे : सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही, नातेवाइकांना आणि गावातल्यांना फोन करून अब्रू काढणे नाही. वादातल्या बाकीसाठीही असे फोन येतात. लहान गावात एका फोनने माणसाची पत जाते. तक्रार प्रलंबित असल्याची नोंद वसुली एजन्सीच्या यादीत दिसली पाहिजे.

कार्डधारकांसाठी इथेच सांगून ठेवतो. तक्रार एका पानाची लिहा. कार्डाचे फक्त शेवटचे चार अंक, बिलाची तारीख, वादातली ओळ व रक्कम, भरण्याची तारीख आणि व्यवहार क्रमांक एवढे पुरे. पूर्ण कार्ड क्रमांक किंवा सीव्हीव्ही कधीही लिहू नका. शेवटी ‘या आकाराचा तारखेनिहाय हिशेब द्यावा’ हे वाक्य घाला. वादातली रक्कम सोडून बाकीचे बिल ड्यू डेटपूर्वी भरा, नाहीतर खऱ्या चुकीच्या तक्रारीवर नवी लेट फी चढते. शाखा कागद घेत नसेल तर बँकेच्या संकेतस्थळावरील तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवर तोच मजकूर पाठवा आणि एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने. सिबिलमध्ये चुकीची थकबाकी चढली असेल, तर अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. दुरुस्तीला ३० दिवसांहून जास्त लागले तर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते. याउपर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करता येते, त्यासाठी बँकेच्या मुंबईतल्या कार्यालयामागे धावावे लागत नाही.

जिल्हाधिकारी साहेबांना आणि अग्रणी बँक व्यवस्थापकांना आमची विनंती अशी. सल्लागार समितीच्या पुढच्या तिमाही बैठकीत क्रेडिट कार्ड तक्रारींचा स्वतंत्र विषय ठेवावा. प्रत्येक बँकेने चार आकडे आणावेत : शाखांत आलेल्या लेखी तक्रारी, ३० दिवसांत निकाली निघालेल्या, उलटवलेली रक्कम आणि विनामागणी कार्ड किंवा विम्याच्या तक्रारी. हे आकडे तालुकावार असावेत, कारण जळगाव शहरातल्या शाखेत जे घडते ते अक्कलकुवा-धडगावात घडत नाही. एखादी बँक “तक्रारी शून्य” म्हणून येईल. तिला आवक नोंदवही दाखवायला सांगावे. त्या वहीत कार्डाच्या तक्रारीची एकही नोंद नसेल, तर कागद घेतलेच गेले नाहीत असे समजावे.

शाखाधिकाऱ्यांकडे मागतो ते याहून लहान आहे. काउंटरवर आलेला कागद घ्या, तारखेचा शिक्का मारा, आवक क्रमांक द्या. कार्ड देताना एक पानाची मुख्य माहिती, म्हणजे व्याजदर, लेट फीचे टप्पे, बिलाची तारीख आणि ड्यू डेट, अर्जासोबत देणे तुमच्यावर बंधनकारकच आहे. ते पान मराठीत द्या आणि सही घेण्याआधी द्या.

या पत्राची पोच तिन्ही जिल्ह्यांच्या अग्रणी बँक कार्यालयांनी द्यावी आणि बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपले,
कार्डधारकांची बिले तपासून देणारे लेखापाल आणि निवृत्त बँक कर्मचारी
जळगाव, धुळे, नंदुरबार